काटेबाईंची चाचणी

ज्या काट्यावर एकच वजन तीनदा ठेवलं आणि तीन वेगळे आकडे आले, त्या काट्याला काटेबाई सील लावत नसत. वजनमापे निरीक्षकाच्या बावीस वर्षांच्या नोकरीत कधीच लावलं नव्हतं. व्यापारी हात जोडत, चहा पुढे करत, काही जण डोळ्यांत पाणी आणत. त्या मात्र चिमट्याने पितळी वजन उचलून पुन्हा मखमलीच्या खोबणीत ठेवत आणि म्हणत, "दुरुस्त करून आणा." बाजाराने त्यांचं नाव काटेबाई ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना आवडलंही होतं, पण हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

अशा बाईचं पोट एका सोनोग्राफीच्या डॉक्टरणीच्या हातात गेलं, हेच मुळात अवघड होतं.

चार वर्षांपूर्वी काटेबाईंना क्रोन्सचा आजार निघाला. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे त्याची भिंत सुजून जाड व्हायची आणि आतली वाट अरुंद व्हायची. सुरुवातीला तपासणी दुर्बिणीने होत असे. त्यासाठी आदल्या दिवसापासून रेचक पिऊन पोट धुऊन काढावं लागे. काटेबाईंना हे सोसेना, म्हणून पोटाच्या डॉक्टरांनी त्यांना इकडे पाठवलं. इथे नुसतं सहा तास उपाशी यायचं, पोटावर जेल लावून घ्यायचं आणि पडद्यावर आतड्याच्या भिंतीची जाडी मोजून घ्यायची. भिंत तीन मिलिमीटरपर्यंत असली तर ठीक. काटेबाईंची सहा पॉइंट आठ होती. पहिलं औषध लागू पडलं नाही. मग दर पंधरा दिवसांनी मांडीत घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं आणि आकडा उतरू लागला.

हे सगळं सरळ चाललं असतं. पण तीन महिन्यांपूर्वी काटेबाईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांदेखत तीन आकडे आले. दोन पॉइंट सात, तीन पॉइंट चार आणि दोन पॉइंट नऊ. डॉक्टरणीने अहवालात लिहिलं तीन.

"आकडे तीन आले," काटेबाई म्हणाल्या. "लिहिलात एक."

"सरासरी आहे ती."

"एकाच भिंतीची?"

"बाई, आतडं आहे ते. श्वास घेतलात की सरकतं, आपलं आपणही आवळतं. म्हणून तीन-चारदा मोजायचं."

"हलणाऱ्या वस्तूचं माप घ्यायचंच नसतं."

"मग काय करू, जरा थांब म्हणून सांगू आतड्याला?" डॉक्टरीण म्हणाली आणि कोपऱ्यात कागदी रुमालांची चळत लावणारी नर्स फिसकन हसली.

विनोद वाईट नव्हता. दुसऱ्या कुणाच्या पोटावर झाला असता तर काटेबाईही हसल्या असत्या. पण त्या उघड्या पोटाने, जेलने माखलेल्या, पलंगावर आडव्या होत्या, आणि समोर उभ्या होत्या त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान अशा दोघी. डॉक्टरीण पुढे म्हणाली, "छान बरं होतंय." घरी जाताना वाटभर त्यांच्या डोक्यात ते "छान" खड्यासारखं टोचत राहिलं. ही दरवेळी छानच म्हणते. औषध चालू आहे हे हिला ठाऊक असतं, मग बरं होतंय असं म्हणायला यंत्र कशाला हवं? माप आधी ठरवून वजन करणारे दुकानदार त्यांनी पोत्याने पाहिले होते.

असल्या दुकानदाराला पकडायची एक रीत असते. साधं गिऱ्हाईक होऊन जायचं. पिशवीत आपल्याला नेमकं माहीत असलेलं वजन न्यायचं, ते त्याच्याकडून तोलून घ्यायचं, आणि तो काय आकडा सांगतो ते ऐकायचं. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याला परीक्षा आहे हे कळू द्यायचं नाही.

काटेबाईंनी इंजेक्शन बंद केलं.

कुणाला सांगितलं नाही. दर पंधरा दिवसांनी त्या फ्रिजमधून इंजेक्शनचं पेन काढत, खोलीचं दार लावत, आणि पेन न वापरता जाड लिफाफ्यात घालत. लिफाफ्यावर तारीख आणि सही. दहा आठवड्यांत पाच पेनं झाली. लिफाफा दोऱ्याने बांधून, गाठीवर लाख ओतून त्यांनी तो फ्रिजच्या भाज्यांच्या खणात तळाशी ठेवला. पुरावा फेकायचा नसतो. बेत असा होता, की डॉक्टरणीने पुन्हा "छान" म्हटलं की लिफाफा तिच्या टेबलावर ठेवायचा आणि एक शब्दही न बोलता निघून यायचं.

शिवाय पोट दुखत नव्हतं. एकदाही कळ आली नव्हती, शौचाची तक्रार नव्हती, उलट किलोभर वजनच वाढलं होतं. पोट गप्प होतं, आणि गप्प बसलेल्याला काटेबाई एरवी कधीच निर्दोष समजत नसत. याच वेळी समजल्या.

*

त्या बुधवारी तपासणीला गेल्यावर आधी नेहमीचा फॉर्म हातात आला. गेल्या बारा आठवड्यांत इंजेक्शनचे किती डोस चुकले? काटेबाईंनी शून्य लिहिलं. खाली सही केली. ही सही करताना आठवलं, की खोट्या जबाबावर सही केली म्हणून त्यांनी स्वतः माणसं कोर्टात उभी केली होती. पण चाचणी म्हटलं की एवढं आलंच, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

खोलीत अंधार होता. एसी अंगावर येत होता. डॉक्टरणीने यंत्राचा प्रोब पोटाच्या उजव्या कोपऱ्यात टेकवला.

"काय म्हणतोय बाजार?" तिने विचारलं. "आज कुणाला रडवलंत?"

"ज्याने रडायचं काम केलं असेल तो रडेल."

"बाप रे. बरं, श्वास नेहमीसारखा चालू द्या."

मग ती बोलायची थांबली. प्रोब जरा सरकला, परत आला, आडवा झाला. बटणं टिकटिकली. काटेबाई छताकडे बघत वाट पाहत होत्या. आता म्हणेल. छान म्हणेल.

डॉक्टरीण छान म्हणाली नाही. तिने एक बटण दाबलं आणि पडद्यावरच्या राखाडी पट्ट्यात लाल-निळे ठिपके भरून आले. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसे. हे रक्त आहे, सूज चढली की भिंतीत रक्त धावतं, हे काटेबाईंना मागे सांगितलं होतं. मागच्या वेळी तिथे दोनच ठिपके होते.

"पाच पॉइंट चार," डॉक्टरीण हळू म्हणाली.

"पुन्हा मोजा."

"मोजतेच आहे."

"माझ्यादेखत मोजा."

डॉक्टरणीने पडदा त्यांच्याकडे वळवला. पाच पॉइंट दोन. पाच पॉइंट पाच. आडवं धरून पाच पॉइंट तीन. चार मापं, आणि सगळ्यांत लहान-मोठ्यातला फरक तीन दशांश. हलणाऱ्या, श्वासाबरोबर सरकणाऱ्या वस्तूसाठी ही अचूकता वाईट नव्हती. चांगली होती. काट्याला काहीही न सांगता त्यांनी त्याच्यावर खोटं वजन ठेवलं होतं, आणि काट्याने ते ओळखलं होतं. रीतीप्रमाणे त्यांनी आता सील लावायला हवं होतं.

त्या टिश्यूने पोट पुसत पलंगाच्या कडेला बसल्या.

"दुखत नाहीये मला," त्या म्हणाल्या.

"या आजारात पोट आणि भिंत दरवेळी एक भाषा बोलत नाहीत. दुखायला लागेपर्यंत कधी कधी उशीर झालेला असतो." डॉक्टरीण स्टुलावर मागे सरकली. "डोस चुकलाय का एखादा? प्रवास, सर्दीताप, काही?"

नर्स दारापाशी उभी होती. तीच, फिसकन हसलेली.

"फॉर्मवर लिहिलंय," काटेबाई म्हणाल्या.

"हो, वाचलं. तुमच्यासारखी शिस्तीची पेशंट दुसरी नाही माझ्याकडे, म्हणूनच जास्त वाईट वाटतंय. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हटलं असतं, डोस बुडवले असतील. तुमच्या बाबतीत एकच अर्थ निघतो. पूर्ण डोस घेऊनही औषध हरलं." ती टाइप करू लागली. "हे दुसरं औषध तुमचं. पहिलं आधीच निकामी झालं. वाट इथे चार मिलिमीटरवर आलीय. शुक्रवारी पोटाचे डॉक्टर, सर्जन आणि आम्ही एकत्र बसतो, त्यात तुमची केस ठेवते. बहुतेक तुकडा काढूनच टाकायला सांगतील. पंचवीस-तीस सेंटीमीटर."

काटेबाईंनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. मी घेतलंच नाही, एवढंच. पण त्याच्यापुढे "का?" येणार होतं, आणि त्या "का"ला उत्तर होतं ते या दोघींपुढे, पोटावर जेल सुकत असताना, देण्यासारखं नव्हतं.

"शुक्रवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही यायचं. तुम्हाला फोन येईल."

*

फ्रिजचा भाज्यांचा खण वहिनी महिन्यातून एकदा धुते. तो दिवस नेमका त्याच बुधवारी उगवावा, याला नशीब म्हणा नाहीतर वहिनीचं नाक.

काटेबाई थोरल्या भावाकडे राहत. घर दोघा भावंडांचं, पण घराच्या किल्ल्या वहिनीच्या कमरेला. वहिनी एरवी त्यांच्याशी अगंतुगं करायची. भांडण पेटलं की "वन्सं" आणि "तुम्ही"वर यायची.

"वन्सं," वहिनी म्हणाली. लिफाफा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. लाख फोडलेली होती. पाच पेनं ओळीने मांडली होती. "फ्रिजमध्ये पंचनामा केलात वाटतं?"

"ते उघडायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"माझ्या फ्रिजला कोर्टाची परवानगी लागत नाही. तारखा वाचल्या मी. सह्या पण केल्यायत. एवढी हुशारी! औषध न घेतल्याची पावतीसुद्धा नीट फाईल केलीत."

"तू यात पडू नकोस."

"मी यात आहेच हो! मागच्या वेळी बाथरूमपर्यंत पोचता येत नव्हतं तुम्हाला, तेव्हा चादरी कुणी धुतल्या? तीन आठवडे रजा काढली मी. माझी बढती शेजारच्या टेबलावरच्या बाईला गेली. मी शब्द काढला? आज काढतेय. कशासाठी केलंत हे?"

दादा दारात आला. तो भांडणात नेहमी दारातच थांबत असे, ना आत ना बाहेर.

काटेबाईंनी सांगितलं. तोलूनमापून, क्रमाने. तीन आकडे, सरासरी, हसणं, चाचणी. सांगताना त्यांना वाटलं होतं की आतली तर्कसंगती तरी कळेल. 

"म्हणजे," वहिनी म्हणाली, "ती पोरगी हसली म्हणून तुम्ही स्वतःचं आतडं सुजवलंत."

"मी यंत्र तपासत होते."

"झालं तपासून? पास झालं?"

काटेबाईंनी फ्रिजचं उघडं दार लावलं.

"पास झालं तर! मग सांगितलंत का तिला? नाही ना? कशी सांगाल? सुंभ जळेल, पीळ कसा जळेल!" वहिनीने पाचही पेनं एका हाताने गोळा केली आणि दादापुढे धरली. "ठेवा जपून. बहिणीचं आतडं कापतील तेव्हा शेजारी मांडून फोटो काढू."

"अगं, जरा हळू," दादा म्हणाला.

"हळूच बोलतेय. एक सांगते, वन्सं. या खेपेला चादरी तुमच्या तुम्ही. मी तुमच्याशी बोलणारसुद्धा नाही."

काटेबाईंना वाटलं, ही बायकी धमकी, दोन दिवसांत विरेल. वहिनी शब्दाची पक्की आहे, हे त्या विसरल्या होत्या. त्या रात्रीपासून घरात त्यांच्याशी फक्त दादा बोलला, तोही कामापुरता.

*

गुरुवारी सकाळी गावाबाहेरच्या वजनकाट्याची तपासणी होती. ट्रक उभा राहतो तो मोठा काटा, जमिनीत बसवलेला, लोखंडी पत्र्याचा. तो तपासताना प्रमाण वजनं आधी मधोमध आणि मग चारी कोपऱ्यांत ठेवून पाहतात, कारण काही काटे मधोमध खरं बोलतात आणि कोपऱ्यात खोटं. तिसऱ्या कोपऱ्याकडे जाताना काटेबाईंच्या पोटात उजवीकडे कळ आली. आधी हळू, मग कुणीतरी आतून ओलं फडकं पिळावं तशी. त्या पत्र्यावर मध्येच थांबल्या.

"काय झालं मॅडम?" काट्याचा मालक केबिनच्या खिडकीतून ओरडला. "काटा बरोबर आहे ना? का उभ्या आहात?"

"तुमच्या काट्याला काही झालेलं नाही," काटेबाई म्हणाल्या.

तो पुढचा अर्धा तास खूश होता. एवढं गोड वाक्य त्यांच्या तोंडून त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

काटेबाईंनी चौथा कोपरा केला, कागद पूर्ण केले, आणि गाडीत बसल्यावर मनात हिशेब मांडला. उद्या सकाळी चार माणसं एका खोलीत बसतील. त्यांच्यापुढे एक आकडा असेल, पाच पॉइंट चार, तो खरा. आणि त्याच्याशेजारी दुसरा आकडा असेल, शून्य, तो खोटा. खऱ्या मापाला खोटं वजन जोडून ती माणसं जे उत्तर काढतील, ते पूर्णपणे शास्त्रशुद्ध असेल आणि पूर्णपणे चूक. आणि त्या उत्तराने तीस सेंटीमीटर आतडं जाईल. गेलेलं आतडं कुणी दुरुस्त करून आणत नाही.

त्यांनी ड्रायव्हरला गाडी दवाखान्याकडे घ्यायला सांगितलं.

*

डॉक्टरीण जेवणाच्या सुट्टीत होती. टेबलावर डबा उघडा, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात कुणाचे तरी अहवाल. काटेबाई न विचारता आत गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

"मी दहा आठवडे इंजेक्शन घेतलेलं नाही. पाच डोस."

डॉक्टरणीने चमचा खाली ठेवला. "काय?"

"फॉर्मवरचा शून्य खोटा आहे. उद्याच्या चर्चेआधी तुम्हाला माहीत असावं."

"का नाही घेतलंत? त्रास होत होता? पुरळ, ताप?"

"नाही. तुमचं यंत्र तपासत होते."

काटेबाईंनी अनेक माणसांना गुन्हा कबूल करताना पाहिलं होतं. कबुलीनंतर समोरच्याचा चेहरा जरा सैल पडतो, असा त्यांचा अनुभव होता. डॉक्टरणीचा पडला नाही. तो आवळत गेला.

"माझं यंत्र."

"यंत्र, आणि तुमची पद्धत. मागच्या वेळी तीन आकड्यांतून तुम्ही..."

"बाई, तुम्ही एकदम वेड्या आहात का?" डॉक्टरीण उठली. "मला विचारायचं होतंत! मी दाखवलं असतं. दुसऱ्या डॉक्टरकडून मोजून घ्यायचं होतंत, एकाच दिवशी दोघांचे आकडे जुळवायचे होते, दुर्बीण करून घ्यायची होती. दहा रस्ते होते. तुम्ही बरं होत आलेलं आतडं उचललंत आणि चाचणीला लावलंत?"

"आधी सांगितलं असतं तर ती चाचणी राहिली नसती."

"अजून वर तोंड करून सांगताय!" नर्स दारात आली, डॉक्टरणीने तिला हातानेच घालवलं. "काल दुपारी सर्जनशी बोलले मी. मी! माझ्या शब्दावर त्यांनी ऑपरेशनची तारीख मोकळी ठेवलीय. का, तर ही बाई डोस चुकवणं शक्यच नाही. मी स्वतः म्हणाले. औषधाच्या नावापुढे मी 'निकामी' लिहिलं. उद्या त्यांच्यासमोर जाऊन काय सांगू, माझी परीक्षा चालली होती म्हणून?"

"खरं ते सांगा."

"आज सुचलं होय खरं!"

काटेबाई तशाच उभ्या होत्या. पोटातली कळ पुन्हा वर येत होती आणि ती चेहऱ्यावर दिसू न देण्यात त्यांची निम्मी शक्ती चालली होती. उरलेल्या निम्म्या शक्तीने त्या म्हणाल्या, "तुमचं माप बरोबर निघालं. चार मापांत तीन दशांशांचा फरक. हे मी लेखी द्यायला तयार आहे."

डॉक्टरणीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं रस्त्यात आडवं पडलेलं झाड पाहतात.

"नको मला तुमचं प्रमाणपत्र. आता ऐका, एकदाच सांगते. हे औषध असं मध्येच सोडलं की शरीर त्याला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध हत्यारं तयार करू शकतं. ती तयार झाली असतील, तर परत सुरू करूनही काही होणार नाही, आणि मग खरोखरच तुकडा काढावा लागेल. तेव्हा औषध हरलेलं नसेल, तुम्ही ते हरवलेलं असेल. रक्त द्या. आत्ता. बाहेर, डावीकडची खोली."

"अहवाल कधी?"

"येईल तेव्हा." तिने फोन उचलला, आणि काटेबाई दाराबाहेर पडण्याआधीच बोलू लागली, मुद्दाम मोठ्याने. "सर, उद्याची ती केस. नाही, औषध हरलेलं नाही. पेशंटने घेतलंच नव्हतं. हो. हो सर, माझीच चूक, मी फॉर्मवर विश्वास ठेवला."

*

सहा दिवसांनी अहवाल आला. रक्तात औषध शून्य. हत्यारं तयार झाली होती, पण थोडी. औषधाला जागा उरली होती. पुढच्या शुक्रवारच्या चर्चेत ठरलं, की सुरुवातीला दुप्पट डोस देऊन औषध परत चालू करायचं, आठ आठवडे थांबायचं, आणि मग पोटावर प्रोब ठेवून जे दिसेल त्यावर ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा. सर्जनने तारीख रद्द केली नाही. पुढे ढकलली.

इंजेक्शन घरी घ्यायला परवानगी नव्हती. दर वेळी दवाखान्यात यायचं, आणि नर्स देईल. डॉक्टरणीने हे लेखी कळवलं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, पेशंटची माहिती विश्वासार्ह नाही. काटेबाईंनी ते वाचलं, आणि त्याखाली सही केली. वाक्यात त्यांना चूक काढता आली नाही.

नर्स फिसकन हसली नाही. ती बोललीच नाही. मांडीला कापूस चोळायची, पेन टेकवायची, दहा आकडे मोजायची, आणि "पुढचा" म्हणून हाक मारायची. घरी वहिनी बोलत नव्हती, दवाखान्यात नर्स बोलत नव्हती, आणि आता बाजारातही कुजबूज होती, कारण काट्याच्या मालकाने सगळीकडे सांगितलं होतं की बाई आजारी आहेत, सध्या काटे पास करतात. पुढच्याच आठवड्यात काटेबाईंनी त्याच्या शेजारच्या दोघांचे काटे नापास केले. कुजबूज थांबली, पण शिव्या वाढल्या. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस अंथरुणावरून उठता आलं नाही. चादर त्यांनी स्वतः धुतली. वहिनी बाथरूमच्या दारावरून गेली, साबणाचा डबा आत सरकवला, आणि तशीच पुढे गेली.

पाचव्या आठवड्यात कळ थांबली. काटेबाईंनी त्याला काही अर्थ दिला नाही.

आठव्या आठवड्याला त्या पलंगावर झोपल्या. जेल पडलं. डॉक्टरणीने बाजाराची चौकशी केली नाही. तिने उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि पंधरा मिनिटं मोजत राहिली, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत, जसा कारकून जप्तीचा माल वाचतो.

"तीन पॉइंट सहा. तीन पॉइंट चार. तीन पॉइंट सात. आडवं, तीन पॉइंट पाच. रक्ताचे ठिपके तीन. वाट नऊ मिलिमीटर." ती थांबली. "औषध लागू पडलंय. ऑपरेशन नाही."

काटेबाईंनी श्वास सोडला. पडद्यावर आतडं सरकलं.

"पण इथे बघा." डॉक्टरणीने पडद्यावर बोट ठेवलं. "निरोगी भिंतीत असे थर दिसतात, गडद, फिकट, गडद. सगळीकडे परत आलेत. या एवढ्या तुकड्यात नाही आले. सहा सेंटीमीटर. हा भाग राठ झालाय. सूज उतरते, हा राठपणा औषधाने जात नाही. इथली वाट पुढेमागे अडू शकते. जन्मभर लक्ष ठेवायचं, आणि खाताना चावून खायचं."

"हे त्या दहा आठवड्यांत झालं?"

डॉक्टरणीला खोटं बोलता आलं असतं. तिच्या चेहऱ्यावर ते येऊन गेलेलं काटेबाईंना दिसलं. अशा चेहऱ्यांची त्यांना ओळख होती.

"सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मागच्या स्कॅनमध्ये सूज इतकी होती की थर दिसतच नव्हते. आधी होतं की नंतर झालं, हे माझ्या यंत्राला माहीत नाही. मलाही नाही. आणि तुम्हाला कधीच कळणार नाही." तिने टिश्यूचा डबा त्यांच्या बाजूला ढकलला. "पोट पुसा. बाहेर सहा जण थांबलेत."

काटेबाई बाहेर आल्या. जिन्याच्या वळणावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला होऊन, त्यांनी घरी फोन लावला. दादा या वेळी कामावर असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

वहिनीने उचलला. बोलली नाही. तिच्या मागे कुकरची शिट्टी होत होती.

"ऑपरेशन टळलं," काटेबाई म्हणाल्या. "सहा सेंटीमीटर मात्र कायमचे खराब झालेत. माझ्यामुळे झाले का, ते सांगता येत नाही म्हणतात."

शिट्टी संपली.

"पहिल्यांदा तुलाच सांगायचं होतं," काटेबाई म्हणाल्या. "चादरींसाठी म्हणून नाही."

पलीकडे गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाली, "तुमच्या दादांना तुम्हीच सांगा, वन्सं," आणि फोन ठेवला.

त्या बुधवारपासून वहिनीचं ते पहिलं वाक्य होतं. काटेबाईंनी दादाचा नंबर लावला.